मंजुळेची तहान

"तुझी डावी नाय, तिची डावी," सुका तामोरे म्हणाला, आणि चार हमालांनी होडी पुन्हा उलट्या बाजूला लोटली.

होडीचं नाक खांबाला टेकलं, शेपटीकडचा भाग टेम्पोतच राहिला, आणि बोईसरच्या त्या पाच मजली सोसायटीचं येणंजाणं अर्धा तास बंद पडलं. नवसी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पदर तोंडाला लावून उभी होती. तिला हसू येत होतं, आणि ते नवऱ्याला दिसलं असतं तर पुढं वर्षभर ऐकावं लागलं असतं.

वॉचमन झुंबर वही घेऊन आला. विक्रमगडकडचा, नेमाचा माणूस. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची वहीत नोंद करायची एवढं त्याला सांगितलेलं होतं. कशाची करायची नाही, ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

"नंबर?"

सुकाने होडीच्या नाकाकडे बोट केलं. सरकारी नंबर तिथे पांढऱ्या रंगात होता, पण इतका लांब की वहीच्या रकान्यात मावेना. झुंबरने तो दोन ओळींत लिहिला.

"नाव?"

"मंजुळा."

"कुनाकडं?"

"एकशे दोन. रूपेश तामोरे, माझा पोरगा."

"किती दिस राहनार?"

सुकाने जिन्याकडे, नवसीकडे पाहिलं. "पानी धरीपर्यंत."

झुंबरने तेही लिहिलं.

मंजुळा हे सुकाच्या आईचं नाव. गावाला, मुरब्याला, होडी बांधली तेव्हा म्हातारी हयात होती, आणि नाव आपलंच द्यायचं हे तिनेच ठरवलं होतं. नवसीने सासूच्या हाताखाली तेवीस वर्षं काढली. तिला पोचवून चौदा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांनी ती टेम्पोत बसून परत आली, आणि नेमकी सुनेच्या बिछान्याखाली येऊन राहिली. कारण एकशे दोनची पार्किंगची जागा बरोबर एकशे दोनच्याच खाली होती.

रूपेश तारापूरच्या एका कंपनीत शिफ्टवर कामाला होता. सुकाच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा, काही दिवस म्हणून त्याने आईबापांना बोईसरला आणलं होतं. त्याला दीड वर्ष झालं. नवसीला पहिल्या आठ दिवसांतच सगळं आवडून गेलं होतं. सकाळी नळ फिरवला की पाणी येतं, तेही ओट्याजवळ. बटण दाबलं की खोलीच वर जाते, गुडघे नाही जात. चाळीस वर्षं तिने डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावं पालथी घातली होती, आणि आता दुपारी खुर्चीवर बसून टीव्हीवर दुसऱ्यांच्या सासवा बघण्यात तिला जे सुख होतं, ते कोणाला सांगायचीही तिला भीती वाटे. नजर लागायची.

सुका मात्र गॅलरीच्या गजांना धरून उभा राही. लांब कारखान्यांची धुराडी दिसत. धूर कुठे वळतो ते बघून तो वारा सांगे. "आज वारा वरचा हाय. बोंबील लागतील." सून हेमाली भांडी घासता घासता म्हणे, "हो बाबा." दुसरं ती तरी काय म्हणणार.

तेवढ्यात मुरब्याहून कळलं की पुतण्या नीलेशने होडीचं गिऱ्हाईक बघितलंय. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा हॉटेलवाल्याला ती हिरवळीवर मांडायची होती. आत बर्फ भरून त्यात थंड बाटल्या ठेवणार होता. सुका त्या दिवशी जेवला नाही.

"आयेच्या पोटात बरफ?" एवढंच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो करायला गेला.

होडी आली ती मात्र हाडं उरलेल्या माणसासारखी. बारा फुटांचं लाकूड दोन वर्षं माडाच्या झापांच्या मांडवाखाली कोरडं पडून आक्रसलं होतं. फळ्यांच्या फटींतून पलीकडची मोटरसायकल दिसत होती. सुकाने तिला ट्रकच्या चार जुन्या टायरांवर बसवलं, फटींत कापूस ठोकला, वर राळ लावली, आणि बाहेरून माशाचं तेल चोपडलं. त्या तेलाच्या वासाने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांनी तीन दिवस खिडक्या उघडल्या नाहीत.

त्या रात्री जेवताना त्याने सर्वांना सांगितलं. आता तिच्यात पाणी भरायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. आत भरलेलं पाणी जेव्हा जागचं हलत नाही, तेव्हा होडीने पाणी धरलं म्हणायचं. मग ती बाहेरचं पाणीही आत घेत नाही.

"धरलं की तिला खाडीत सोडायची," तो म्हणाला, "आणि मी नि नवसी मुरब्याला परत. शिमग्याची होळी गावात."

रूपेशने आईकडे पाहिलं. नवसीने भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला. स्वतःच्या घरी परत जायला नको, का, तर इथे ओट्याजवळ नळ आहे, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

सोसायटीचे सेक्रेटरी धर्मेश सावे हे बगलेत फाइल असल्याशिवाय जिनासुद्धा उतरत नसत. त्यांनी रविवारी मीटिंग बोलावली. पार्किंगमध्येच बोलावली, म्हणजे आरोपी समोर असेल.

"काका, पार्किंग वाहनासाठी असतं," सावे म्हणाले.

"मंग ही काय हाय?"

"हिला चाकं कुठे आहेत?"

"चाकं असती तर बुडाली असती."

मागे कोणीतरी हसलं. सावेंनी फाइल उघडली, मिटली. सुकाने मग गोडीत घ्यायचं म्हणून सांगितलं की उद्या पूर आला तर सगळ्यांच्याच कामाला येईल. सावे म्हणाले, इथे नळाला पाणी येत नाही, पूर कुठून येणार. यावर पाण्याचा विषय निघाला, टँकरचा निघाला, दोन बिऱ्हाडांचं जुनं भांडण निघालं, आणि होडी तासभर बाजूलाच राहिली. शेवटी सावेंनी कागदावर लिहून दिलं: 'दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरती परवानगी.' खाली सही, शिक्का.

नवसीने तो कागद हेमालीकडून दोनदा वाचून घेतला. म्हणजे होडी बरी झाली की सोसायटी तिला काढणार, आणि नवरा आपल्याला. दोन्ही दोऱ्या एकाच खुंटीला बांधलेल्या होत्या.

आता पाणी कुठून आणायचं? नळ सकाळी पाऊण तास. हेमालीने कपाळाला हात लावला. सुकाने आपल्या आंघोळीची बादली होडीला दिली आणि स्वतः तांब्यावर भागवू लागला. असाच एकदा बादली घेऊन लिफ्टमध्ये उभा असताना तीनशे चारमधली भाविका आत आली. नवी राहायला आलेली, पालघरला नोकरीला जाणारी मुलगी. एवढं पाणी कुठे नेताय, असं तिने आपलं विचारलं.

"आयेला," सुका म्हणाला. "खाली ठेवलीय. पार सुकून गेलीय बिचारी. कितीबी पाजलं तरी पुरत नाय."

भाविका घरी गेली ती वाटीभर मऊ खिचडी घेऊनच उतरली, आणि आधी एकशे दोनची बेल वाजवली. दार नवसीने उघडलं.

"आजी, राग मानू नका," ती म्हणाली, "पण एवढ्या म्हाताऱ्या माणसाला पार्किंगमध्ये ठेवतात का?"

नवसीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने भाविकाचा हात धरून तिला खाली नेलं आणि सासूची गाठ घालून दिली. खिचडी झुंबरने खाल्ली.

पण त्या गमतीतूनच पाण्याची सोय झाली. भाविकाने सांगितलं की पाणी शुद्ध करायचं यंत्र असतं ना, ते जेवढं चांगलं पाणी देतं त्याहून जास्त मोरीत सोडतं. ते घेऊन जा. दुसऱ्या दिवसापासून सुका संध्याकाळी पाच वाजले की दोन बादल्या घेऊन निघू लागला. पाचव्या मजल्यापासून सुरुवात, एकेक दार करत खाली. पहिल्या आठवड्यात लोक दारातूनच पाणी देत. दुसऱ्यात आत या म्हणू लागले. पाचशे एकमध्ये चहा, चारशे तीनमध्ये नातवाच्या पत्रिकेची चौकशी, तीनशे चारमध्ये भाविकाला सुरमई ताजी कशी ओळखायची त्याचे धडे. सावेंच्या घरी, सावे नसताना, त्यांची आई त्याला गुळपापडी देई. पूर्वी गॅलरीत गजांना धरून उभा असलेला माणूस आता सात वाजले तरी वर येत नसे. आला की मंजुळेची तब्येत सांगे.

"आज चार बोटं उतरलंय पानी. अजून पिते."

दिवाळीत आलेली होडी पौषापर्यंत पीत राहिली. मग एके दिवशी सकाळी नवसी फुलं तोडायला खाली गेली आणि जाता जाता तिने होडीत डोकावलं. काल संध्याकाळी सुकाने जिथपर्यंत पाणी भरलं होतं, तिथेच ते होतं. काठावर बोट आडवं धरून बघितलं. एक केसभरही उतरलं नव्हतं. वाकून तळ बघितला, टायर बघितले. कोरडे ठणठणीत.

मंजुळेने पाणी धरलं होतं.

नवसी तिथेच टायराच्या कडेवर टेकली. शिमग्याला दोन महिने होते. तिला मुरब्याची विहीर आठवली, विहिरीच्या अकरा पायऱ्या आठवल्या. सासूने हयातीत कधी तिला एक दुपार निवांत बसू दिलं नव्हतं. आता मेल्यावरही खुर्चीवरून उठवायला आली होती.

सुका रोज पहाटे साडेपाचला स्टेशनाकडच्या बाजारात मासे कसे आलेत ते बघायला जाई. घ्यायला नाही, नुसतं बघायला आणि नावं ठेवायला. सहा सव्वासहाला परत. नवसीने वर जाऊन गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याचं तोंड विळीने कापलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर खाली उतरली. झुंबर त्या वेळी खुर्चीत मान टाकून झोपलेला असे. तिने दहा डबे पाणी उपसलं आणि कंपाउंडच्या डाव्या भिंतीशी जास्वंदीच्या रांगेला घातलं. दहा डब्यांना पाणी एक बोटभर उतरलं. पत्र्याची धार तळव्याला कापत होती, पण एक बोट म्हणजे एक दिवस. डबा तिने गॅसच्या सिलिंडरमागे लपवला.

संध्याकाळी सुका वर आला, हात पुसले आणि म्हणाला, "तीन बोटं उतरलंय."

नवसीच्या हातातली कढई तशीच राहिली. एक बोट तिचं. मग बाकीची दोन?

तिला वाटलं, आपल्याच मापात चूक असेल. दुसऱ्या दिवशी तिने मोजून दहा डबे काढले. पुन्हा तीन बोटं. तिसऱ्या दिवशी पाच काढले. तर अडीच. म्हणजे म्हातारी खरंच पीत होती? पण मग त्या सकाळी का नाही प्यायली? नवसीने मंजुळेच्या नाकाकडे संशयाने पाहिलं. सासू हयात असताना घरातला गूळ असाच कमी व्हायचा, आणि नाव सुनेवर यायचं.

माघ असाच गेला. कंपाउंडला जास्वंद इतकी फुलली की सावेंनी मीटिंगमध्ये सोसायटीच्या बागेचा खास उल्लेख केला आणि देखरेखीचं श्रेय कमिटीला दिलं. नवसी जिन्यावर बसून ऐकत होती. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की उजव्या भिंतीची जास्वंदही डावीइतकीच तरारलेली आहे. उजवीकडे ती एकदाही गेलेली नव्हती.

शुक्रवारी दुपारी बत्ती गेली. टीव्हीतली सासू सुनेच्या थोबाडीत देण्यासाठी हात उगारूनच काळी झाली. हेमाली झोपली होती. सुका कुठे दिसेना. लिफ्ट बंद, म्हणून नवसी कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरली, आणि शेवटच्या वळणावर थांबली.

सुका होडीशी उभा होता. हातात मुरब्याहून आणलेलं, होडीतलं पाणी उपसायचं जुनं लाकडी भांडं. तो बादली भरत होता आणि उजव्या भिंतीशी नेऊन ओतत होता. तीन फेऱ्या झाल्या की तो टायरावर बसे, छातीवर हात ठेवून दम खाई, दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघे. मग पुन्हा उठे. एकदा त्याने होडीच्या कडेवर थोपटलं.

"जरा दम धर, आये," तो म्हणाला. "एवढा शिमगा जाऊंदे."

नवसी तिथेच उभी राहिली. या हातांनी एके काळी उधाणात वल्ही मारलेली तिने पाहिली होती. तीन बादल्यांना दम लागणारा माणूस खाडीत होडी नेणार होता, आणि ही गोष्ट त्याला तिच्याआधीच ठाऊक होती.

ती आली तशी पायऱ्या चढून वर गेली आणि काळ्या टीव्हीसमोर बसली. पाच वाजता सुका वर आला, तोंडावर पाणी मारलं, दोन बादल्या घेतल्या.

"चार बोटं उतरलंय," दारातून तो म्हणाला. "बत्ती आली का गो? पाचशे एकमदी वाट बघत असतील."

होळीला आठ दिवस उरले तेव्हा सावे तपासणीला आले. फाइल होतीच, शिवाय हातात टॉर्च. मार्चमध्ये पार्किंग रंगवायचं होतं, त्याआधी काय ते ठरवायला हवं होतं. चारपाच माणसं जमली. भाविका ऑफिसच्या पिशवीसकट थांबली. सावेंची आई लिफ्टशी खुर्ची टाकून बसली. नवसी नेहमीच्या तिसऱ्या पायरीवर.

सावे वाकले, टॉर्च मारली, होडीच्या पोटावरून हात फिरवला. मग खालची फरशी चाचपली. फरशीवरची धूळ त्यांच्या बोटांना लागली. कोरडी धूळ.

"काका," ते म्हणाले, "पाणी उतरतं म्हणता रोज चार बोटं. खाली तर ओलसुद्धा नाही."

सुकाने खाकरून घसा साफ केला. "उन्हानं उडतं."

सावेंनी वर पार्किंगच्या छताकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ऊन तिथे इमारत बांधल्यापासून आलेलं नव्हतं. सुकाचा हात होडीच्या कडेवर होता आणि बोटं नंबराच्या पांढऱ्या आकड्यांवरून पुढंमागं होत होती. सावेंनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"ती गळत नाय," नवसी पायरीवरून म्हणाली.

सुकाने झटकन वळून तिच्याकडे पाहिलं. तिने मात्र त्याच्याकडे न बघता सावेंकडे पाहिलं.

"गळली तर खाली दिसेल. ती पिते. लाकूड आतल्या आत पितं. तेवीस वरसं मी हिच्या हाताखाली काढली, साहेब, मला ठावं हाय. हिचं कदी भरतच नाय."

लिफ्टजवळ सावेंची आई फसकन हसली. सावेंनी नवसीकडे पाहिलं, मग सुकाकडे. त्यांची नजर कंपाउंडच्या डाव्या भिंतीवरून गेली, उजव्या भिंतीवर आली, आणि तिथे लालभडक जास्वंदीवर जरा वेळ थांबली. कमिटीला त्या बागेबद्दल नुकतीच पाठीवर थाप मिळाली होती.

"म्हणजे दुरुस्ती अजून चालू आहे," ते म्हणाले.

"चालू हाय," नवसी म्हणाली.

त्यांनी तसं लिहिलं, तारीख घातली, आणि रंगाऱ्याला एकशे दोनची जागा सोडून रंगवायला सांगू असं म्हणत ते निघून गेले. माणसं पांगली. भाविका जाताना सुकाला म्हणाली की उद्या पाणी जास्त ठेवते. पार्किंगमध्ये दोघंच उरली.

"शिमग्याला जमत नाय मंग," सुका म्हणाला.

"कसं जमेल? लाकूड जुनं."

"पुढल्या साली बघू."

"बघू," नवसी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. त्याने लिफ्टचं बटण दाबून दार धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुका चपला अडकवून बाजारात गेला. नवसीने कानोसा घेतला, लिफ्ट खाली पोचल्याचा आवाज ऐकला, आणि सिलिंडरमागे हात घातला. डबा जागेवर होता, पण हाताला निराळा लागला. तिने तो उजेडात आणला. कापलेल्या तोंडाची धार आत वळवून ठोकून गुळगुळीत केलेली होती. वरून जाळ्याच्या दोऱ्याची मूठ विणली होती, चांगली जाड, तळव्याला न रुतणारी, आणि तिच्या गाठी जाळं विणताना मारतात तशा, उलट्या फिरवून मारलेल्या.

नवसीने मूठ धरून बघितली. मग डबा घेऊन ती खाली गेली. होडीत आरशासारखं निश्चल पाणी होतं. तिने दहा डबे मोजून काढले, आणि या वेळी पाच डावीकडे घातले, पाच उजवीकडे.